पेटीवर न छापलेली वारंवारता

मूलभूत विज्ञान शिकण्यासाठी 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये मिळतात; उन्हाळी प्रकल्पाचे २०,००० वेगळे. म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. पंचवीस हजारांचा फोन म्हणजे या विद्यार्थ्याचे पाच महिने. त्यामुळे "सर, या दोहोंपैकी कोणता घेऊ?" हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. आकड्यांचे तक्ते मांडणारे पुष्कळ आहेत. त्या आकड्यांमागे भौतिकशास्त्र किती आणि छपाईची शाई किती, एवढेच मी येथे सांगू पाहतो.

उदाहरणादाखल दोन खरे फोन घेऊ. मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दोघांची घोषणा झाली: नथिंग फोन (३ए) आणि सॅमसंग गॅलेक्सी ए३६. ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणीच्या प्रतीची भारतातली सुरुवातीची किंमत पहिल्याची २४,९९९ रुपये, दुसऱ्याची ३२,९९९ रुपये. दोन्हींत ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, दोन्हींत १२० हर्ट्झचा अमोलेड पडदा, दोन्हींत ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा. मग आठ हजार रुपये नेमके कशाचे?

कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो, कारण गैरसमज तिथेच अधिक आहेत. दोन्ही कॅमेऱ्यांच्या भिंगांचा एफ-क्रमांक १.८ ते १.९ च्या दरम्यान आहे. प्रकाश तरंग आहे, त्यामुळे कितीही निर्दोष भिंग बिंदूची प्रतिमा बिंदूएवढी देत नाही. विवर्तनामुळे तिची एक चकती होते. हिरव्या प्रकाशासाठी, म्हणजे ०.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीसाठी, या भिंगांत त्या चकतीचा व्यास सुमारे २.५ मायक्रोमीटर येतो. आता पिक्सेल पाहा: नथिंगमध्ये १ मायक्रोमीटर, सॅमसंगमध्ये ०.८. म्हणजे एकच प्रकाशबिंदू दोन-तीन पिक्सेलांच्या रुंदीवर पसरतो. ५० मेगापिक्सेल ही मोजणी खरी, पण तेवढा तपशील भिंगातून आत येतच नाही. म्हणूनच हे फोन एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचे छायाचित्र देतात. खरा फरक संवेदकाच्या क्षेत्रफळात आहे: नथिंगचा संवेदक सुमारे दीडपट मोठा आहे, आणि अंधारात गोळा होणारे फोटॉन क्षेत्रफळाप्रमाणे मोजले जातात. मंद प्रकाशात स्वस्त फोनचा मुख्य कॅमेरा सरस असण्याचे कारण इतके साधे आहे, आणि जाहिरातीत ते कुठेही ठळक छापलेले नसते.

प्रोसेसरबाबत थोडक्यात. दोन्ही चिप '४ नॅनोमीटर'च्या म्हणवल्या जातात. या नावाची कोणतीही लांबी चिपमध्ये मोजून सापडत नाही; शेजारच्या दोन ट्रान्झिस्टर-द्वारांमधले अंतर या पिढीत ५० नॅनोमीटरच्या आसपास असते. ते केवळ पिढीचे नाव आहे. भेद रचनेत आहे: सॅमसंगमधल्या स्नॅपड्रॅगन ६ जेन ३ मध्ये २०२० सालच्या आराखड्याचे मुख्य गाभे आहेत, नथिंगमधल्या ७एस जेन ३ मध्ये २०२३ सालच्या आराखड्याचे. वर्गात टिपणे काढायला, पायथॉन चालवायला दोन्ही पुरेसे आहेत.

बॅटरीत साठलेली ऊर्जा सुमारे ७० किलोज्यूल. सत्तर किलो वजनाच्या माणसाला शंभर मीटर उंच नेण्याइतकी! ती ४५ वॅटने भरायची की ५० वॅटने, यावर वाद घालणाऱ्यांनी फोन मे महिन्यात नागपुरात किंवा जयपुरात गादीवर ठेवून चार्ज करणे आधी थांबवावे. लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, आणि ते या पाच वॅटच्या फरकापेक्षा कितीतरी वेगाने घटते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले त्या मुद्द्याकडे येतो.

या किमतीचे फोन उपग्रहांचे संदेश ऐकून आपले स्थान काढतात. बहुतेक स्वस्त फोन एल-१ ही एकच वारंवारता ऐकतात: १५७५.४२ मेगाहर्ट्झ. काही फोन त्याबरोबर एल-५ ही दुसरीही ऐकतात: ११७६.४५ मेगाहर्ट्झ. पेटीवर दोन्हींना 'जीपीएस' एवढेच लिहिलेले असते. भारतात राहणाऱ्यासाठी हा फरक मेगापिक्सेलांहून महत्त्वाचा आहे, आणि त्याचे कारण आपल्या डोक्यावरच्या आकाशात आहे.

जमिनीपासून काही शे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या अतिनील किरणांनी वायूचे अणू फुटून इलेक्ट्रॉन मोकळे झालेले असतात. या थराला आयनांबर म्हणतात. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना उशिरा पोहोचतो आणि फोनला वाटते की उपग्रह आहे त्याहून दूर आहे. वाटेत जितके अधिक इलेक्ट्रॉन, तितकी ही चूक मोठी. चुंबकीय विषुववृत्त आपल्या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. दिवसा तिथे प्लाझ्मा वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून घरंगळत दोन्ही बाजूंना साचतो. उत्तरेकडचा साचलेला ढीग येतो तो अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्याच्या आसपास. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत दुपारी तिथे एल-१ वरची चूक पंधरा मीटरांच्या घरात जाऊ शकते. उपग्रह स्वतः एक ढोबळ दुरुस्ती पाठवतो, पण ती ढोबळ सरासरीवर बेतलेली असते. जवळपास निम्मी चूक उरतेच. युरोपातल्या फोनला हा त्रास एवढा नाही. भारतातून विकल्या जाणाऱ्या फोनचे मूल्यमापन म्युनिकच्या आकाशाखाली करून चालणार नाही.

विक्रम साराभाईंनी १९६३ मध्ये अग्निबाण सोडण्यासाठी थुंबा निवडले ते याच चुंबकीय विषुववृत्तासाठी. ज्या प्लाझ्माचा शोध घेण्यासाठी तेव्हा अग्निबाण लागत होता, त्याची मोजणी आज खिशातल्या यंत्राने होऊ शकते, अट एवढीच की त्याला दोन वारंवारता ऐकू याव्यात. आयनांबरातला उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. एल-५ वर तो एल-१ च्या १.७९ पट येतो. दोन समीकरणे, दोन अज्ञाते. अंतर वेगळे निघते, इलेक्ट्रॉनांची संख्या वेगळी निघते. बारावीच्या विद्यार्थ्याला सोडवता येईल असे हे गणित आहे.

येथे एक सावधगिरी. नकाशावरचा निळा ठिपका काढताना फोन दर वेळी हे समीकरण वापरतोच असे नाही, कारण दोन मोजमापे अशी एकत्र केली की त्यांतला गोंगाटही वाढतो. रस्त्यावर एल-५ चा लाभ दुसऱ्याच कारणाने मिळतो. त्याच्या संकेताचा एकेक तुकडा सुमारे २९ मीटर लांबीचा असतो, तर एल-१ च्या जुन्या संकेताचा सुमारे २९३ मीटरांचा. भिंतीवर आपटून आलेला प्रतिध्वनी आखूड तुकड्यात चटकन वेगळा ओळखू येतो. जुन्या दिल्लीच्या गल्लीत ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो की नाही, हे यावर ठरते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये गूगलच्या संशोधकांनी सुमारे ४ कोटी अँड्रॉइड फोनांच्या मोजमापांतून जगाच्या आयनांबराचा नकाशा काढून दाखवला. एकेका फोनचे मोजमाप अगदी सामान्य प्रतीचे असते, पण कोट्यवधींची सरासरी घेतली की भूस्थानके जिथे नाहीत तिथलेही चित्र उमटते. त्या नकाशात भारतावरचे प्लाझ्मा-बुडबुडेही दिसले. सूर्यास्तानंतर आयनांबराच्या तळाशी विरळ प्लाझ्मा राहतो आणि वर दाट. तेलावर पाणी ओतावे तशी ही अस्थिर मांडणी उलटते आणि विरळ बुडबुडे वर चढत जातात. त्यांतून येणारे उपग्रहसंदेश थरथरतात. या घटनेवर आपल्या देशात दशकानुदशके काम झाले आहे. आता त्याची नोंद वसतिगृहाच्या गच्चीवरून घेता येते, हे मला पडद्याच्या १२० हर्ट्झपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

मग 'नाविक'चे काय, असे विचाराल. आपल्या उपग्रहमालिकेचे नाव पेटीवर असले की फोन घ्यावा का? मार्च २०२० मध्ये रिअलमी ६ प्रो आणि रेडमी नोट ९ प्रो हे दोन फोन आठवड्याच्या अंतराने बाजारात आले. दोन्हींत स्नॅपड्रॅगन ७२०जी हीच चिप आणि दोन्हींना 'नाविक'चा आधार. त्या वेळी नाविकचे उपग्रह एल-५ आणि एस या दोनच पट्ट्यांत बोलत असत. त्यामुळे पेटीवर 'नाविक' दिसले की फोनला एल-५ ऐकू येतो, असा निष्कर्ष बिनधास्त काढता येत होता. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून नाविक एल-१ वरही बोलू लागला. निर्णय योग्यच होता, कारण त्यामुळे स्वस्त चिपांनाही नाविक ऐकता येतो. पण त्याचबरोबर पेटीवरच्या शब्दातून निघणारा तो निष्कर्ष गेला. आज 'नाविक' लिहिलेला फोन एकाच वारंवारतेचा असू शकतो.

शिवाय मालिकेची प्रकृती. पहिल्या उपग्रहांमधली आयात केलेली रुबिडियम घड्याळे एकामागून एक बंद पडली. २०१७ मध्ये आयआरएनएसएस-१एच उष्णता-कवच न सुटल्याने वाया गेला. जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणाने एनव्हीएस-०२ वर गेला खरा, पण इंजिनाला ऑक्सिडीकारक पोहोचवणाऱ्या झडपा न उघडल्याने तो लंबवर्तुळाकार कक्षेतच राहिला. एनव्हीएस-०१ वरचे स्वदेशी रुबिडियम घड्याळ ही मात्र अभिमानाची गोष्ट आहे. असे घड्याळ घडवणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तरीही विद्यार्थ्याने आपले पैसे या शब्दासाठी खर्च करू नयेत, असेच मी म्हणेन. नाविक सशक्त करण्याचे काम इस्रोचे आणि ते निधी देणाऱ्या शासनाचे आहे. फोन घेणाऱ्याने एल-५ मागावा. तो ज्या फोनला ऐकू येतो, त्याला जीपीएस, गॅलिलिओ आणि नाविक या तिन्हींचा त्या पट्ट्यातला संदेश घेता येण्याची वाट मोकळी असते.

बाकी संवेदकांची चौकशीही करा. जायरोस्कोप आणि चुंबकत्वमापक खरेखुरे आहेत ना, ते पाहा. वायुदाबमापक या किमतीत क्वचितच मिळतो. मिळाला तर सोडू नका. एक मजला चढलात की दाब सुमारे ०.३५ हेक्टोपास्कलने उतरतो, आणि आखेन विद्यापीठाच्या 'फायफॉक्स' या मोफत ॲपवर ते डोळ्यांदेखत दिसते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जे उपकरण कपाटात कुलपाखाली असते, ते रात्री अकरा वाजता आपल्या हाती असणे ही लहान गोष्ट नव्हे.

राहिले ते आठ हजार. सॅमसंग सहा वर्षे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे वचन देतो. नथिंग आवृत्त्या तीन वर्षे, सुरक्षा-दुरुस्त्या सहा वर्षे. सुरक्षिततेची वर्षे समान. त्या हिशेबाने एका सुरक्षित वर्षाची किंमत एकीकडे सुमारे ४,२०० रुपये, दुसरीकडे ५,५००. सॅमसंगचा फोन अर्धा तास मीटरभर पाण्यात टिकतो, नथिंगला केवळ शिंतोडे सोसतात. मेघालयात किंवा सह्याद्रीत पावसाळ्यात क्षेत्रकाम करणारी भूशास्त्राची विद्यार्थिनी असेल, तर मी तिला सॅमसंग घे म्हणेन. इतरांनी नथिंग घ्यावा आणि उरलेल्या पैशांतले काही चौथ्या वर्षी नवी बॅटरी बसवण्यासाठी बाजूला ठेवावेत. युरोपीय संघाने जून २०२५ पासून ८०० आवर्तनांनंतरही बॅटरीची ८० टक्के क्षमता टिकलीच पाहिजे असा नियम केला आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल २०२५ मध्ये दिला. तो पेटीवर छापला जाईपर्यंत हा हिशेब ग्राहकालाच मांडावा लागेल.

पण हा कौल देण्याआधी एक चाचणी करा. दुकानातल्या नमुना फोनवर बहुधा ॲप टाकू देत नाहीत, म्हणून वसतिगृहात तेच मॉडेल असलेला कोणी शोधा. त्यावर 'जीपीएसटेस्ट' हे मोफत ॲप टाका, मोकळ्या गच्चीवर जा आणि पाच मिनिटे थांबा. उपग्रहांच्या यादीत प्रत्येकापुढे त्याची वारंवारता दिसते. एल-१ बरोबर एल-५ च्या ओळी येऊ लागल्या तर फोन दोन्ही ऐकतो. दोहोंपैकी एकच फोन या कसोटीला उतरला, तर माझा वरचा कौल बाजूला ठेवून तोच घ्या.

आणि जे दिसेल ते येथे खाली लिहा. मॉडेलचा पूर्ण क्रमांक, गाव आणि वेळ द्या. एकाच नावाच्या फोनमध्ये देशागणिक वेगळी चिप असते, म्हणून नुसते नाव पुरणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री आठ ते अकराच्या दरम्यान नोंद घेणाऱ्यांनी संकेताची तीव्रता हेलकावते का, तेही पाहावे.