शाळेचे दार आणि शाळेतील वर्ग



“अगोदर समाजाचे मन बदलले पाहिजे, नुसत्या कायद्याने काय होणार?” हे वाक्य आपण कितीदा ऐकले असेल! सभेत ऐकले, कचेरीत ऐकले, आणि वकिलीच्या व्यवसायात तर मी ते प्रतिपक्षाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की पुढचे शब्द मला आधीच ठाऊक असतात. हे वाक्य मोठे शहाणपणाचे वाटते. परंतु ते उच्चारणाऱ्याकडे नीट पाहा. थांबण्याची किंमत त्याला कधीच मोजावी लागत नाही. ती दुसऱ्याच्या मुलांनी मोजावयाची असते.

या शहाणपणाची परीक्षा घ्यावयाची तर अमेरिकेतील एका हायस्कुलाचा इतिहास पाहावा. परदेशची गोष्ट आपणांस कशाला, असे म्हणू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते ड्यू बॉइस यांना मुद्दाम पत्र लिहिले. अस्पृश्यांच्या आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या स्थितीत इतके साम्य आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास केल्यावाचून गत्यंतर नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

आर्कान्सॉ राज्याची राजधानी लिटल रॉक. तेथे १९२७ साली सेंट्रल हायस्कूल या नावाने आज प्रसिद्ध असलेली शाळा उघडली. खर्च सुमारे १५ लाख डॉलर. देशातील सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून तिचा गौरव झाला. मुख्य दरवाजावर चार ग्रीक देवतांच्या मूर्ती बसविल्या आणि त्यांतील एकीचे नाव ठेविले ‘संधी’. या संधीखालून केवळ गोऱ्या मुलांनी जावयाचे होते! दोन वर्षांनी, १९२९ साली, कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल उघडले. त्यास सुमारे ४ लाख डॉलर खर्च आला आणि त्यातलाही काही भाग धर्मादाय फंडांकडून आणावा लागला. कर दोघेही भरीत होते. वेगळे पण समान ठेवले तर अन्याय होत नाही, असा १८९६ चा न्यायनिवाडा तेव्हा प्रमाण होता.

तो निवाडा १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या बाबतीत मोडीत काढला. मग लिटल रॉकच्या शाळामंडळाने काय केले? सावकाश, टप्प्याटप्प्याने, थोडीच मुले घेण्याची योजना आखली. अखेरीस १९५७ साली १,९०० च्या आसपास गोऱ्या विद्यार्थ्यांच्या त्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुले जावयाची ठरली. नऊ! आणि या नऊ मुलांस अडविण्यासाठी राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी सशस्त्र नॅशनल गार्ड उभे केले.

४ सप्टेंबर १९५७. सर्वांनी एकत्र जमून जावयाचे असा निरोप होता. पण एलिझाबेथ एकफर्ड या पंधरा वर्षांच्या मुलीच्या घरी टेलिफोन नव्हता. ती एकटीच गेली. अंगात स्वतः शिवलेला झगा, हातात वही. शिपायांनी तिला वाट दिली नाही. गोऱ्या मुलांना मात्र दिली. मागे शिव्या देणारा जमाव घेऊन ती बसच्या थांब्यापर्यंत चालत आली व बाकावर बसून राहिली. त्या प्रसंगाचे छायाचित्र जगभर गेले. ज्या घरातून पहिलेच मूल शाळेत गेले, त्या घराला या चित्राचा अर्थ सांगावा लागत नाही.

पुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना २४ सप्टेंबर रोजी १०१ व्या हवाई पलटणीचे हजारावर सैनिक धाडावे लागले. मुले आत गेली. आत गेल्यावर वर्षभर ढकलाढकली, थुंकणे, लाथा. प्रत्येकामागे एक सैनिक होता खरा, परंतु तो वर्गाच्या दाराबाहेर. मिनीजीन ब्राउन हिने छळाला उलट उत्तर दिले म्हणून फेब्रुवारी १९५८ मध्ये शाळेने तिलाच काढून टाकले. अर्नेस्ट ग्रीन मात्र २७ मे १९५८ रोजी पदविका घेऊन बाहेर पडला. पदवीदान पाहण्यास मार्टिन ल्यूथर किंग उपस्थित होते. आपले नाव पुकारले तेव्हा कोणी टाळी वाजविली नाही, असे ग्रीन यांनी पुढे सांगितले आहे.

आता मन बदलण्याच्या युक्तिवादाकडे या. शाळामंडळ न्यायालयात गेले आणि म्हणाले, वातावरण तापले आहे. अडीच वर्षे थांबू द्या. जिल्हा न्यायाधीशांनी ते मान्यही केले! कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूने थर्गुड मार्शल उभे राहिले. सप्टेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गव्हर्नर व विधिमंडळ यांच्याच कृतीमुळे माजलेल्या दंगलीसाठी मुलांच्या घटनादत्त हक्कांचा बळी देता येणार नाही. त्या निवाड्यावर नऊही न्यायाधीशांनी आपापल्या नावाने सही केली. हा निवाडा प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावा असे माझे मत आहे. आग लावणाराच धूर दाखवून मुदत मागत होता, हे त्यातून स्वच्छ दिसते.

मग गव्हर्नरांनी काय केले? शहरातील चारही हायस्कुले बंद करून टाकली. १९५८-५९ चे सबंध वर्ष ३,६६५ मुले, गोरी आणि काळी, शाळेवाचून राहिली. याला आपल्याकडे स्वतःचे नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणे म्हणतात. शिक्षक रिकाम्या वर्गांत हजेरी लावीत होते. फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले. त्यांत खंड पडणे राज्यकर्त्यांना सोसवले नसते! अखेर मे १९५९ मध्ये ४४ शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नागरिकांनी मत देऊन मंडळातील तिघा वर्णद्वेष्ट्या सभासदांना घरी बसविले, आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. यात समाजाचे मन बदलले म्हणावे, तर ते कायदा ठाम उभा राहिल्यानंतर बदलले, आधी नव्हे.

परंतु येथे कथा संपवू नका. दुसरा गट म्हणतो, “दार उघडले ना? मग आता कसली तक्रार?” त्यालाही उत्तर याच शाळेत आहे. १९५९ नंतर मुलांची वाटणी करण्याचे नियम असे लिहिले की त्यांत वर्णाचा उल्लेख नाही, आणि तरी प्रवेश मिळाला तो मोजक्याच कृष्णवर्णीयांना. सर्व इयत्तांत मिश्रण पुरे होण्यास १९७२ उजाडले. तोवर अनेक गोऱ्या कुटुंबांनी उपनगरे व खाजगी शाळा जवळ केल्या होत्या. १९९८ साली शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाली. तेथे आजही वर्ग भरतात आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. पण २००७ साली, पन्नास वर्षे झाली त्या वेळी, निघालेल्या माहितीपटात काय दिसले? वरच्या अभ्यासक्रमाच्या वर्गांत बहुतांशी गोरी मुले, साध्या वर्गांत बहुतांशी काळी. एकच छप्पर, एकच ‘संधी’ची मूर्ती, आणि आत दोन शाळा! पुढे जानेवारी २०१५ मध्ये काही शाळांचे निकाल वाईट म्हणून राज्याने शहराचे निवडून आलेले शाळामंडळच बरखास्त केले. त्या मंडळात तेव्हा कृष्णवर्णीय सभासदांचे बहुमत होते.

आपल्याकडेही नियम वर्णाचे वा जातीचे नाव न घेता लिहिता येतात. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांस दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेस त्यातून सूट दिली. अंतराचा नियम, किती निरुपद्रवी! जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण काही पालक व संस्था न्यायालयात गेल्या.

तेव्हा पटावर मुलाचे नाव चढले म्हणून निर्धास्त होऊन घरी बसू नका. मूल कोणत्या तुकडीत आहे, त्या तुकडीत आणखी कोण आहे, विज्ञानाचा व गणिताचा शिक्षक तिला पूर्ण वेळ मिळतो काय, हे शाळेत जाऊन विचारा. केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, या २५ टक्क्यांतून आलेल्या मुलांना वर्गात इतरांपासून वेगळे बसविता येणार नाही, आणि त्यांचे वर्ग वेगळ्या जागी वा वेगळ्या वेळी भरविता येणार नाहीत. त्या नियमाची प्रत सोबत न्या, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्यावाचून शाळेबाहेर पडू नका.