ट्रंकेतल्या वेताळाचा भाव

घरातल्या जुन्या वस्तूंची किंमत काढायची वेळ साधारणपणे दोनदा येते. जुनं घर पाडताना, नाही तर घरातलं माणूस गेल्यावर. सोनं असलं तर सराफ काट्यावर टाकून आकडा सांगतो. शेताचा सातबारा निघतो, तांब्यापितळेला मोडीचा भाव असतो. पण ट्रंका भरून जुनी कॉमिक्स निघाली तर?

सावद्याच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेल्या वर्षी हा प्रश्न उभा राहिला. गुरुजी गेले आणि माळ्यावरून पत्र्याच्या तीन ट्रंका खाली आल्या. आत इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्रकथा, चांदोबाचे अंक आणि थोडी हिंदी कॉमिक्स; मध्य प्रदेशची हद्द जवळ, त्यामुळे आमच्या भागात हिंदी वाचन पहिल्यापासून आहेच. सगळे मिळून १,४०० अंक. पुण्याच्या थोरल्या मुलाने मोबाइलवर शोधून पाहिलं. जुन्या वेताळाच्या एका अंकाला कुणीतरी २,००० रुपये मागितले होते. त्याने १,४०० गुणिले २,००० केलं आणि २८ लाखांवर जाऊन थांबला. केळीचा बाग सांभाळणाऱ्या धाकट्याने रद्दीवाल्याला विचारलं होतं. किलोला १५ ते २० अंक बसतात. १५ रुपये किलो धरले तर सगळ्या ट्रंकांचे जेमतेम बाराशे रुपये. लग्न होऊन गेलेली बहीण म्हणाली, विकूच नका. शेवटी तिघंही माझ्याकडे वळले. ‘काका, तुम्ही बँकेत होता. तुम्हीच व्हॅल्युएशन करा.’

बँकेत मी कापसाच्या गाठींवर, केळीच्या बागांवर आणि सोन्याच्या पाटल्यांवर कर्जं दिली. वेताळ तारण ठेवायला कुणी आलं नव्हतं. पण मूल्यांकनाची रीत एकच असते. आधी माल काय आहे ते बघायचं, मग तो कोणत्या स्थितीत आहे ते, आणि शेवटी तो उद्या विकायला काढला तर घेणार कोण, हे.

माल काय आहे ते आधी. इंद्रजाल कॉमिक्स ‘टाइम्स ऑफ इंडिया’ प्रकाशनाने मार्च १९६४ मध्ये सुरू केली. पहिला अंक लि फॉकच्या वेताळाचा, किंमत ६० पैसे. पहिले ३२ अंक वेताळाचेच होते. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींनी आपल्या मातीतला बहादूर आणला. इंग्रजीतून सुरू झालेली ही मालिका मराठीतही आली. महिन्याला एक, मग पंधरवड्याला, शेवटी आठवड्याला अंक निघू लागला आणि एप्रिल १९९० मध्ये ती बंद पडली. एकूण अंक झाले ८०३. सुरुवातीच्या अंकांवर सलग क्रमांक असे, नंतर खंड आणि अंक अशी मोजणी आली. यादी करताना तिथं हमखास गोंधळ होतो.

अमर चित्रकथेची गोष्ट उलटी. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका आजही छापली जाते. राम वाईरकरांनी चितारलेला ‘कृष्ण’ पिढ्यान्‌पिढ्या घरात येत राहिला. म्हणून नुसतं शीर्षक पाहून काही ठरत नाही. आवृत्ती कोणती, छापील किंमत किती, मालिकेतला क्रमांक जुना की नवा, हे पाहावं लागतं. पुनर्मुद्रणाच्या अंकाला कुणी जुन्याचा भाव देणार नाही.

आता थोडं लांबचं उदाहरण. अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅनला जन्म देणारा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १० सेंटला मिळत होता. त्याची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. का? तर पोरांनी अंक फाडले, आयांनी फेकले, आणि महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमेत उरलेसुरले गेले. त्याच सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक १९९२ मध्ये निघाला, तेव्हा लोकांनी तो काळ्या पिशवीत सीलबंद विकत घेतला आणि पुढे सोनं होईल म्हणून जपून ठेवला. लाखांनी छापलेला आणि लाखांनी जपलेला. आज त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. म्हणजे नुसतं जुनं असून भागत नाही. बाकीच्यांनी फेकून दिलेलं असावं लागतं. आपल्याकडे ते काम किराणा दुकानदारांनी इमानेइतबारे केलं. आमच्या लहानपणी किती वेताळ जिऱ्या-मोहरीच्या पुड्यांत गेले असतील!

स्थितीचं म्हणाल, तर तिकडे आता अंकाला १० पैकी गुण देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या अंक तपासतात आणि कडक प्लास्टिकमध्ये कायमचा बंद करून देतात. उघडून वाचता येणार नाही असं पुस्तक! हा प्रकार मला अजून पचलेला नाही. सावद्याला आम्ही साधे तीन ढीग केले. मुखपृष्ठ शाबूत, पानं पूर्ण, पिनांना गंज नाही असे जुने मराठी इंद्रजाल अंक निघाले १६०. वाचण्याजोगे, पण साधारण असे ७००. उरलेल्या ५४० अंकांत कव्हर नसलेले, कसरीने चाळण केलेले आणि वाचनालयाच्या पद्धतीने दहा-दहा एकत्र शिवून कडा कापलेले. गुरुजींनी हे बाइंडिंग हौसेने करून घेतलं होतं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते शहाणपणच; संग्राहक मात्र कापलेली कड पाहून नाक मुरडतो.

भावाकडे येतो. रावेरला केळीचा भाव जाहीर होतो, आणि बागेत माल कापायला आलेला व्यापारी त्यापेक्षा कमीच देतो, ही तक्रार आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. मोबाइलवर दिसतो तो कॉमिक्सचा जाहीर भाव. तो मागितलेला असतो, मिळालेला नसतो. वर्षभर तोच अंक त्याच किमतीला पडून असेल, तर ती किंमत नव्हे, विकणाऱ्याची इच्छा म्हणायची. प्रत्यक्ष झालेले व्यवहार विचारून, टपाल-बांधणीचा खर्च वजा करून आम्ही पहिल्या ढिगाला सरासरी ३०० रुपये धरले, दुसऱ्याला ३०, आणि तिसऱ्याला उक्ते तीन हजार. बेरीज ७२,०००. हे त्या घरातले, त्या ढिगांचे आकडे. दुसऱ्याने उचलून आपल्या ट्रंकेला लावू नयेत. शिवाय हे पैसे सुटे सुटे विकून, वर्ष-दोन वर्षं पत्रव्यवहार करून यायचे. सगळं एकदम उचलणारा व्यापारी निम्मेही देणार नाही, आणि त्याला लबाड म्हणण्यात अर्थ नाही. न विकला जाणारा माल तोच घरात ठेवणार असतो. बँकेच्या भाषेत ही मजबुरीची किंमत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा बाजार आठवणींवर चालतो. वेताळ लहानपणी वाचलेली माणसं आज पन्नाशी-साठी-सत्तरीत आहेत. आमच्या नातवंडांना कवटीच्या अंगठीचं काही वाटत नाही. मराठी अंकांना गिऱ्हाईक थोडं, पण अंकही थोडेच उरलेत. वीस वर्षांनी भाव चढतीलच, असं मी तरी कुणाला लिहून देणार नाही.

थोरल्याने ७२,०००चे लगेच तीन भाग केले. तिथं मात्र मला बोलावं लागलं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या जंगम मिळकतीतही विधवेचा हिस्सा मुलामुलींइतकाच असतो. भाग चार होतात. दागिने आणि शेतीच्या बाबतीत हे एव्हाना सगळ्यांना कळलंय, पण ट्रंकेतल्या पुस्तकांचं कुणाच्या डोक्यात येत नाही. दरवर्षी ट्रंका उतरवून, कडुनिंबाचा पाला बदलून हा माल चाळीस वर्षं टिकवला तो वहिनींनी. त्यांना तोवर कुणी विचारलंही नव्हतं. विचारल्यावर म्हणाल्या, ‘भाऊ, इकायचं तर इका. पन आधी मी वाचून काढते. इतकी वर्सं झाडले, कधी उघडून पाह्यले नाहीत.’ दोन्ही मुलं खाली मान घालून बसली होती.

व्यवहार तिथं थांबला आहे. फक्त दुबार अंक बाजूला काढून विकायचे ठरलं.

ज्यांच्या माळ्यावर अशा ट्रंका असतील त्यांनी रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एका रेघी वहीत मालिका, भाषा, क्रमांक, छापील किंमत आणि स्थिती लिहून काढावी. चार रविवार पुरतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, तो काही वर्षांत पिवळा पडून कागदासकट निघतो. अंक उन्हात पसरू नयेत, आमच्या मे महिन्याच्या उन्हात तर मुळीच नाही. वाचनालयाला द्यायचे असतील तर आधी विचारावं, शिक्के मारून शिवणार का तसेच ठेवणार. आणि ट्रंक माळ्यावर नको, पत्र्याखाली कागद भाजून निघतो. खालच्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर, चार विटांवर ठेवावी.