पाणी कुठवर आलंय?

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात दिवस उजाडतो तो या प्रश्नाने. उत्तर मिळतं राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीतून: इतके फूट, इतके इंच. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये ५६ च्या वर. उपयोजित कलेच्या वर्गात डेटा व्हिज्युअलायझेशनचं पोस्टर करायला देताना यंदा शिक्षकांनी हेच आकडे द्यावेत, असा आमचा आग्रह आहे.

एरवी ‘मोबाइलचा वापर’ नाहीतर ‘पाणी वाचवा’ असा विषय फळ्यावर लिहिला जातो. मुलं इंटरनेटवरून तयार टक्केवारी उचलतात आणि सगळी मेहनत रंगसंगतीवर, आयकॉनवर खर्च होते. आकडा कुणी मोजला, कशाने मोजला, हे विचारायची वेळच येत नाही. पोस्टर देखणं होतं, पण बघणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

पंचगंगेचे आकडे विद्यार्थ्याला पहिल्याच पायरीवर अडवतात. ४२ फूट १० इंच ही पातळी तो एक्सेलमध्ये ४२.१० अशी भरतो, ४२ फूट २ इंच ही ४२.२ अशी. आलेखात वरचं पाणी खाली आणि खालचं वर जाऊन बसतं. इंचांना बाराने भागायला हवं होतं; ४२ फूट १० इंच म्हणजे ४२.८३ फूट, धोक्याच्या रेषेला दोनच इंच कमी. नदीकाठच्या माणसासाठी ही घर कधी सोडायचं याबद्दलची चूक ठरते.

पुढे प्रश्न येतो शून्याचा. स्तंभ शून्यापासून उभे केले तर ५५ आणि ५६ जवळपास सारखेच दिसतात. ५० पासून केले तर एका फुटाचा फरक डोंगराएवढा होतो. आम्हाला विचाराल तर स्तंभ सोडून द्यावेत. पोस्टरच्या उंचीभर एक मोजपट्टी काढावी, ३९ आणि ४३ च्या रेघा ठळक ठेवाव्यात आणि फुटांसमोर ठिकाणं लिहावीत: सुतारवाड्यात पाणी कधी शिरतं, शाहूपुरीत कधी, व्हीनस कॉर्नरला कधी. ही माहिती कुठल्याही वेबसाइटवरून उचलून चालणार नाही. विद्यार्थ्यांनी त्या गल्ल्यांत जावं, जुन्या रहिवाशांना विचारावं आणि एकाचं सांगणं दुसऱ्याकडून ताडून घ्यावं. आमच्या लेखी या पोस्टरचं निम्मं काम तिथेच होतं.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे हा आणखी एक चांगला धडा आहे. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक विसर्ग होतो. दोन उघडले की आकडा दुप्पट. तो दाखवायला थेंबाचं चित्र दुप्पट उंच आणि त्याच प्रमाणात रुंद केलं, तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि पोस्टर खोटं बोलू लागतं. व्हिएन्नात ऑटो नॉयराथ यांनी १९२० च्या दशकात यावर साधा नियम घातला: चिन्ह मोठं करायचं नाही, त्याच मापाची चिन्हं वाढवायची. इथे तर सात चिन्हांत काम भागतं.

हे सगळं हातानेही करता येतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन सुमारे साठ तक्ते हातानेच रंगवले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जमिनी, शाळा, व्यवसाय त्यांत मांडले होते. चित्रकार बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरातल्या मुलांना ब्रश परका नाही.

त्याच काळातला कोल्हापूर संस्थानाचा आकडाही वर्गात घ्यावा. १८९४ मध्ये शाहू महाराज गादीवर आले तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. १९०२ मध्ये पन्नास टक्के जागा राखीव झाल्या. १९१२ मध्ये ९५ पैकी ३५ ब्राह्मणांकडे होत्या. नुसती टक्केवारी काढली तर ८५ वरून ३७ एवढंच दिसतं. एका जागेला एक चौकोन काढला, की इतरांचे ११ चौकोन ६० झालेले दिसतात आणि मुळात जागाच वाढल्या होत्या हेही दिसतं. दोन्ही रूपं खरी आहेत. आपण कोणतं निवडलं आणि का, हे विद्यार्थ्याने पोस्टरच्या मागे चार ओळींत लिहावं. परीक्षकांनी गुण देताना आधी त्या ओळी वाचाव्यात, पट्टी लावून पोस्टरवरची मापं आकड्यांशी पडताळावीत आणि मग रंगांकडे वळावं.