हिरकमहोत्सवाचे पदक आणि सुप्याचे कर्जरोखे

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीस १८९७ साली साठ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा लंडनच्या शाही टांकसाळीने एक स्मारक पदक पाडले. सोने, चांदी आणि ब्राँझ या तिन्ही धातूंत ते विक्रीस होते. त्याच्या एका बाजूस मस्तकावर पदर घेतलेली वृद्ध राणी आहे, तर दुसऱ्या बाजूस १८३७ सालची तरुण राणी. दीर्घायुष्य आणि वैभव या दोन्हींचा गौरव करणारे बायबलमधील वचन तिच्याभोवती लॅटिनमध्ये कोरले आहे. साठ वर्षांच्या राज्यकारभारातून टांकसाळीला एवढेच दिसले. रयत कोणत्याच बाजूला नाही.

या साठ वर्षांचा हिशेब मांडण्यास जळोचीचा परिसर सोयीचा आहे. राणी गादीवर येण्याच्या आदल्याच वर्षी, १८३६ साली, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात शेतसाऱ्याची नवी आकारणी लागू केली. पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. पहिला आकार बेताचा होता आणि लागवड वाढली, हे मान्य केले पाहिजे. परंतु तीस वर्षांची मुदत संपताच सारा चढला. त्याच सुमारास अमेरिकन यादवी युद्ध थांबल्याने कापसाचे भाव उतरले. सारा रोख भरावयाचा, रोकड सावकाराकडे आणि दिवाणी न्यायालय रोख्याच्या बाजूने, अशा कोंडीत कुणबी सापडला. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सरकारला १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला, तो या उठावानंतरच.

ज्युबिली हा शब्द मुळात ज्यू परंपरेतला. दर पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी आणि कर्जापायी दास झालेल्यांची सुटका व्हावी, असा त्याचा अर्थ होता. पदकासाठी बायबलमधील वचन शोधणाऱ्यांना त्याच ग्रंथातील हा आदेश आठवला नाही. सुप्याच्या निरक्षर कुणब्यांनी मात्र तो न वाचताच आचरणात आणला, असे म्हणावयास हरकत नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात राणीला सम्राज्ञी घोषित केले गेले आणि सोन्याचांदीची पदके वाटली गेली. तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळ होता. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची रोजी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. असंख्य मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. त्याच दुष्काळात नीरा डाव्या कालव्याची खोदाई सुरू झाली. १८८५ साली पाणी सुटले आणि पुढे बारामतीचा ऊस त्यावर पोसला. ज्यांच्या हातांनी तो कालवा खोदला, त्यांची नावे कोणत्याही धातूवर नाहीत.

१८९७ सालीही दुष्काळ होता आणि जोडीला प्लेग. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीतील महोत्सवाहून परतताना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या मार्गाविषयी मतभेद असू शकतात. परंतु उत्सव आणि उपासमार यांतील अंतर इतके वाढले की काय घडते, याचा तो पुरावा आहे.

राजे गेले, महोत्सव राहिले. आज नेत्यांचे अमृतमहोत्सव होतात, गौरवग्रंथ निघतात आणि निवडून आलेले प्रतिनिधी त्या मांडवात दरबाऱ्यांसारखे उभे राहतात. लोकशाहीत दीर्घकाळ सत्तेवर राहणे हे स्वतःच कर्तृत्व ठरू शकत नाही. त्या काळात कोणाची जमीन टिकली, कोणाचे कर्ज फिटले आणि कालव्याच्या वरच्या अंगाच्या जिरायती गावांना पाणी किती मिळाले, हे विचारणे प्राप्त आहे. आमच्या कार्यकर्त्यांनी अशा समारंभांची निमंत्रणे अवश्य स्वीकारावीत. मात्र जाताना हे तीन प्रश्न लेखी घेऊन जावे आणि उत्तर मिळेपर्यंत हारतुऱ्यांच्या रांगेत उभे राहू नये.