उन्हाळ्याची विश्रांति आणि घराची डागडुजी

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या कित्येक समजुती तर्कापुढें क्षणभरहि टिकणार नाहींत. पण संवयीच्या आश्रयानें त्या सुखानें नांदत असतात. उन्हाळ्याच्या सुटींत घराची दुरुस्ती काढावी, ही त्यांपैकींच एक होय. परीक्षा आटोपल्या, मुलें मोकळीं झालीं, घरधन्यास महिना-दीड महिन्याची सवड मिळाली, कीं गवंडी दाराशीं उभा राहिलाच. न्हाणीघराच्या फरश्या उखडल्या जातात, स्वैपाकघराचा ओटा फुटतो, पलंगावर कपाटें आणि कपाटांवर पेट्या चढतात. आणि ज्या गृहस्थास डॉक्टरनें या उन्हाळ्यांत सर्व गोष्टी सावकाश करण्याविषयीं बजावलेलें असतें, तोच राडारोड्याच्या ढिगाशेजारीं उभा राहून, "सुटीच आहे, विश्रांतीबरोबर हेंहि उरकून घेऊं," असें शेजाऱ्यास सांगत असतो. विश्रांति ही दुसऱ्या कामाबरोबर उरकून घेतां येते, हा शोध आमच्याच पिढीचा!

आमच्या पूर्वजांस ऋतूंची ओळख याहून बरी होती. वाग्भटानें 'अष्टांगहृदया'च्या सूत्रस्थानांत ऋतुचर्येस स्वतंत्र अध्याय दिला असून, ग्रीष्मांत व्यायाम व ऊन वर्ज्य करावें असें सांगितलें आहे. एरव्हीं निषिद्ध मानलेली दिवसाची झोपहि या ऋतूंत क्षम्य ठरविली आहे. पुण्याच्या वामकुक्षीची थट्टा करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आधुनिक शरीरशास्त्राचें मतहि याहून फारसें निराळें नाहीं. आंतील उष्णता बाहेर टाकण्यासाठीं शरीर त्वचेकडे अधिक रक्त धाडतें, घाम गाळतें, आणि हा सगळा भार हृदयावर पडतो. उन्हाची संवय जडण्यास निरोगी मनुष्यासहि एक-दोन आठवडे लागतात. तेव्हां सावकाश घेण्याचा सल्ला देणारा डॉक्टर रोग्याचे लाड करीत नसतो. तो औषधच सांगत असतो. हें औषध बाटलींतून मिळत नाहीं, म्हणून तें आम्हांस औषध वाटत नाहीं, इतकेंच. आणि ज्या घरांत दगडी फरशी कापण्याचें यंत्र दिवसभर घरघरत आहे व तिची बारीक धूळ पंख्याच्या वाऱ्यानें खोल्याखोल्यांतून फिरत आहे, तेथें हें पथ्य पाळलें जाईल, असें कोणास वाटत असल्यास त्याच्या आशावादास आमचा नमस्कार असो.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. गेल्या मे महिन्यांत हा प्रमाद आमच्याहि हातून घडला. डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणें आम्ही दुपारीं बारा ते चार खोलीबाहेर पडत नव्हतों. खिडकीला वाळ्याचा पडदा, डोक्यावर पंखा, उशाशीं माठाचें पाणी, असा सर्व थाट होता. भिंतीपलीकडे अंगणांत मात्र त्याच वेळीं एक बिगारी वाळूचीं घमेलीं वाहत होता. कारण कॉलेज उघडण्यापूर्वीं काम पुरें झालेंच पाहिजे, असा तगादा कंत्राटदारामागें आम्हींच लावला होता. एके दिवशीं घमेलें आदळल्याचा आवाज झाला. बाहेर येऊन पाहतों तों तो मनुष्य भिंतीशीं कोसळलेला, अंग तव्यासारखें तापलेलें, बोलणें असंबद्ध. त्यास सावलींत निजविलें, अंगावर पाणी ओतलें, दवाखान्यांत नेलें. सुदैवानें तो बचावला. चौथ्या दिवशीं तो पुन्हां घमेलें घेऊन हजर झाला; मधल्या दिवसांचा रोज बुडाला होता, ही त्याची चिंता. त्याचा बुडालेला रोज आम्हीं दिला. पण मनाची टोंचणी तेवढ्यानें गेली नाहीं. प्रकृतीसाठीं म्हणून जी विश्रांति आम्ही घेत होतों, तिची किंमत दुसऱ्याच्या प्रकृतींतून वसूल होत होती.

हा प्रसंग अपवादात्मक म्हणून कोणीं सोडून देऊं नये. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें एका सरकारी समारंभास उघड्या मैदानांत जमलेल्यांपैकीं १४ जण उन्हानें दगावले. ते तर नुसते प्रेक्षक होते. त्यांच्या डोक्यावर वाळूचें घमेलें नव्हतें.

बरें, या घाईनें घराचें तरी भलें होतें काय? तेंहि नाहीं. सिमेंट वाळून घट्ट होतें, असा आमच्यांतील पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तें पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. म्हणून साधें सिमेंटकाम निदान ७ दिवस, आणि कडक कोरड्या हवेंत १० दिवस, ओलें राखावें लागतें. त्याच्या बळाची परीक्षा तर २८ दिवसांनीं करण्याचा प्रघात आहे. मेच्या उन्हांत सकाळीं केलेला गिलावा दुपारपर्यंत कोरडा पडतो आणि त्यावर तडे जातात. पाणी मारावें, तर याच दिवसांत अर्धी वस्ती टँकरची वाट पाहत असते. पूर्वींचा चुना घाणींत मळावा लागे, मुरूं द्यावा लागे. सिमेंट आलें, तरी सामग्रीनें आपला सावकाश स्वभाव सोडलेला नाहीं. घाई आहे ती मालकाला.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, मृगापूर्वीं घर सज्ज नको काय? अवश्य हवें. कौलें फेरणें, गच्चीची गळती थांबविणें, पन्हळी साफ करणें, हीं कामें पावसापूर्वींच व्हावयास हवींत. कोंकणांत उन्हाळ्यांत घरें शाकारतात तीं याचसाठीं. पण न्हाणीघराच्या गुळगुळीत फरशीला मृगाची भीति कसली? तें काम दिवाळीनंतर काढल्यानें आभाळ कोसळत नाहीं. मग आम्हांस सवड नसते, असें कोणी म्हणेल. नसेल, तर एका वर्षीं एकच खोली घ्यावी. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं विल्यम मॉरिस याने १८७७ सालीं इंग्लंडांत जी संस्था काढली, तिचा आग्रह मोठ्या जीर्णोद्धारापेक्षां नित्याच्या निगेवर होता. आम्ही दहा वर्षें भिंतीकडे पाहत नाहीं आणि अकराव्या वर्षीं ती पाडावयास निघतों.

दुसरा आक्षेप मजुराच्या नांवानें केला जातो, आणि तो अधिक लबाड आहे. "दुपारीं काम थांबविलें, तर बिचाऱ्याची मजुरी बुडेल!" ती बुडवितो कोण? उन्हाळ्यांतील अपरिहार्य काम सकाळीं साडेसहा ते साडेदहा आणि सायंकाळीं साडेचार ते साडेसहा चालवावें, आणि रोज पुरा द्यावा. कतारनें २०२१ सालीं नियम करून १ जून ते १५ सप्टेंबर या काळांत सकाळीं दहा ते दुपारीं साडेतीन उघड्यावरील कामास बंदी घातली. जें तेथें सरकारी हुकुमानें करावें लागलें, तें पुण्याच्या गृहस्थास आपल्या अंगणापुरतें स्वेच्छेनें करतां येऊं नये काय? खर्च थोडा वाढेल. तो नळांच्या नक्षींतून वजा करावा.

या वर्षीं आमच्या स्वैपाकघराची एक भिंत गिलाव्यावांचून तशीच आहे. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहून हंसतात, घरांतील मंडळींहि अधूनमधून कुरकुरतात. डॉक्टरांनीं सांगितलेलें पथ्य मात्र यंदा प्रथमच नीट पाळलें जात आहे, आणि अंगणांत दुपारीं कोणी नाहीं. भिंत नोव्हेंबरपर्यंत वाट पाहील.