म्हातारचळ आणि सुनेची रात्रपाळी



आपल्याकडे एक शब्द फार सैल हाताने वापरला जातो. म्हातारचळ! आजोबा जेवून उठले आणि घटकाभराने "मला कोणी वाढलेच नाही" म्हणून ओरडू लागले, की म्हातारचळ. आजीने सुनेवर नथ चोरल्याचा आळ घेतला, की म्हातारचळ. जोडीला 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तयारच असते. म्हण म्हटली की विषय संपला. मग डॉक्टर नको, औषध नको, विचारपूस नको.

हा चळ नव्हे, आजार आहे. जर्मनीतील डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका बाईच्या मेंदूतील बिघाड प्रथम जगापुढे मांडला. ती बाई साठीचीही नव्हती, पन्नाशीत दगावली होती. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी कालपरवाचे पुसले जाते, मग माणसांची नावे, मग वाट, शेवटी घास गिळणेही. लहानपणीचे मात्र बराच काळ टिकते. स्मृतिभ्रंशाचे इतरही प्रकार आहेत, पण अल्झायमरचा सर्वांत जास्त आढळतो. आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. २०२३ साली अमेरिकेने मान्य केलेले नवे औषध सुरुवातीच्या रोग्यांत उतार थोडा मंद करते, गेलेले परत आणीत नाही.

आता न्हावा-शेव्याकडे या. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. दोघांच्या नावाने बंदर ओळखले जाते. १९८९ साली ते सुरू झाले. त्याआधी येथे भातखाचरे, खाजणे, मिठागरे होती आणि खाडीवर होड्या होत्या. शेवा कोळीवाडा तर जागेवरून उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला गेला. जमिनीच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईला आंदोलन झाले, त्यात पाच जणांनी प्राण दिले. दि. बा. पाटलांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्या वेळी भर उमेदीत असलेली माणसे आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

समजा, अशा एखाद्या आजोबांची आठवण आजाराने मागे मागे सरकत पन्नास वर्षांपूर्वी जाऊन थांबली. पहाटे त्यांना बांधावर पाणी अडवायला जायचे असते. ते उठतात, दाराची कडी काढतात आणि निघतात. पण बांध कुठे आहे? तिथे कंटेनरच्या थप्प्या आहेत, अवजड ट्रेलरची रांग आहे. दुसऱ्या गावचा म्हातारा चुकला तर निदान ओळखीच्या पिंपळापाशी सापडतो. इथे आजोबांची वाट बरोबर असते, गावच जागेवर नसते. म्हणून रात्री कोणीतरी दाराशी निजावे लागते. मुलगा यार्डात पाळीवर. मग दाराशी कोण? सून. दिवसा स्वयंपाक, पाणी, मुलांची शाळा. रात्री सासऱ्यांची राखण. तिच्या या रात्रपाळीला पगार नाही, सुट्टी नाही, आणि वर शेजारीण म्हणते, "सून नीट बघत नाही, म्हणून म्हातारा असा झाला."

हा शेजारणीचा बोल केवळ कुचकटपणा नाही. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि डॉ. मार्टिन प्रिन्स यांनी केलेली पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत लोकांची हीच समजूत नोंदली गेली: हा आजार नव्हे, एक तर वयाचा परिणाम, नाही तर मुलांच्या हेळसांडीचे फळ. म्हणजे जी बाई राबते तिच्याच माथी दोष. मग ती मदत मागायला जाईल कशी?

पण गोव्यातले लोक पाहणीवर थांबले नाहीत, आणि खरे सांगायचे ते पुढेच आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसवाडी व बार्देश तालुक्यांतली स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची ८१ कुटुंबे घेतली. त्यांतल्या ४१ घरी लगेच मदत सुरू केली, ४० घरांना सहा महिन्यांनी देण्याचे ठरवले, म्हणजे तुलना करता येईल. मदत करणारे डॉक्टर नव्हते. भाषा येणारी, जेमतेम बारावीपर्यंत शिकलेली, म्हाताऱ्या माणसांविषयी आस्था असलेली साधी माणसे होती. त्यांना आठवडाभर कसून शिक्षण दिले आणि पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. ही माणसे किमान पंधरा दिवसांनी एकदा घरी जात. हा आजार काय आहे ते समजावीत, रोगी चिडला तर काय करावे ते दाखवीत, सरकारी योजनेची माहिती देत, आणि सांभाळणारीचे ऐकून घेत.

सहा महिन्यांनी काय दिसले? रोग्याच्या आजारात ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. मात्र सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. २००८ साली हा निष्कर्ष छापला गेला. महागडे यंत्र नाही, इस्पितळाची खाट नाही, घरी येणारे एक माणूस! सांभाळणारीला उसंत मिळाली तर रोग्याचेही दिवस घरात जातात, हे न्यूयॉर्कच्या दीर्घ अभ्यासातही दिसले. तेथे ४०६ रोग्यांचे जोडीदार पाहिले. ज्यांना सल्ला आणि आधार मिळाला त्यांच्या घरचा रोगी शुश्रूषागृहात जाण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी पुढे गेली. दीड वर्ष झाले की हे!

मग असे प्रयोग आपल्याकडे गावोगाव का होत नाहीत? कारण पैसा. ज्या जागतिक गटाने या कामाला चालना दिली त्याचे नावच '१०/६६' आहे. जगातले ६६ टक्के रोगी गरीब व विकसनशील देशांत, आणि संशोधन मात्र तिथे १० टक्क्यांहूनही कमी, असा त्या नावाचा अर्थ. एकट्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने या आजाराच्या संशोधनावर २०२३ साली ३ अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. आपल्या म्हाताऱ्यांची मोजदाददेखील त्या पैशाच्या मदतीने झाली. खाडीपलीकडे देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने केलेल्या देशव्यापी वृद्ध पाहणीतील ४०९६ जणांची पुढे दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने बारकाईने तपासणी झाली. २०२३ साली आकडा आला: देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. खेड्यात प्रमाण शहरापेक्षा जास्त, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. या तपासणीला पैसा अमेरिकेच्या वार्धक्य संस्थेचा होता. घेतला यात गैर काही नाही. पण आपल्या आजीची गणती परक्याच्या पैशाने व्हावी, हे मला तरी खटकते.

न्हावा-शेव्यात पैसा नाही असे कोण म्हणेल? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि आपण काम करतो त्या आसपासच्या भागाला अग्रक्रम द्यावा असे कायदाच म्हणतो. त्या कामांच्या यादीत वृद्धांसाठी दिवसाची केंद्रे आहेत, आरोग्य आहे, सरकारी संशोधन संस्थांना देणगीही आहे. शाळेला बाके आणि चौकाला पाणपोई ठीक आहे. पण ज्यांच्या खाचरांवर धक्के उभे राहिले त्यांच्या घरी गोव्यासारखा प्रयोग दोन-तीन वर्षे का करू नये? आगरी-कोळी बोलीत बोलणाऱ्या गावातल्याच मुली नेमाव्यात, मानधन चोख द्यावे (आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक ओझे टाकून मोकळे होऊ नये), आणि फरक काय पडला ते एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाकडून मोजून घ्यावे. मोजणे महत्त्वाचे, नाही तर फोटो निघतो आणि काम विरते. ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

एक गोष्ट जाता जाता. ज्यांना काही समजत नाही अशा वडिलांचा अंगठा जमिनीच्या किंवा साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाच्या कागदावर घेऊ नका, कोणाला घेऊ देऊ नका. असा करार कायद्यात टिकत नाही, आणि आधी दिलेले साधे मुखत्यारपत्रही माणूस भानावर राहिला नाही की संपते. आजाराची चाहूल लागताच, समज शाबूत असताना, वकिलाला विचारून काय ते करावे.

तोवर घरी काय करता येईल? पहिले म्हणजे डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, पडल्यावर डोक्यात साकळलेले रक्त यांनीही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत. रोग्याशी वाद घालू नका. "बांधावर जायचंय" म्हणाले तर "बांध आता कुठला?" असे न म्हणता "चहा घेऊन जाऊ या" म्हणावे. बहुधा चहापर्यंत बांध विसरतो. कडी दाराच्या अगदी वर किंवा अगदी खाली लावा, तिला घुंगरू बांधा. खिशात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. हाताला ओळखीचे काम द्या: आजीला बिरड्याचे वाल सोलायला, आजोबांना जाळ्याची गाठ मारायला. गाठ चुकली तरी टोकू नका.

आणि सुनेसाठी: आठवड्यातून दोन रात्री दाराशी दुसऱ्या कोणी निजावे, मग तो मुलगा असो, नणंद असो की जावई. एक वही करा. रोगी किती वेळा उठला आणि सांभाळणारीला किती तास झोप मिळाली, दोन्ही रोज लिहा, आणि डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या. वृद्धांसाठीची सरकारी मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठ चालते. मनावरच्या ताणासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, तो रात्रीही लागतो.