लेबलावरचं पाचवं नाव

११ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडमध्ये बीटल्सची 'गेट बॅक' ही तबकडी विक्रीला आली. तिच्या लेबलावर चौघांच्या बँडच्या नावाला जोडून आणखी एक नाव छापलेलं होतं : बिली प्रेस्टन. ह्यूस्टनमध्ये जन्मलेला आणि लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढलेला हा कृष्णवर्णीय वादक तेव्हा बावीस वर्षांचा होता. लहानपणीच त्यानं महेलिया जॅक्सन यांना साथ केली होती, विशीच्या आत लिटल रिचर्डबरोबर युरोपचा दौरा केला होता. जानेवारीत लंडनच्या सॅव्हिल रोवर, बीटल्सच्याच ॲपल कंपनीच्या तळघरात त्यांचं काम चालू असताना तो तिथे भेटायला म्हणून गेला आणि इलेक्ट्रिक पियानोवर बसला. बीटल्सनी बाहेरच्या वादकाचं नाव आपल्या नावाच्या बरोबरीनं लेबलावर छापल्याचं हे एकमेव उदाहरण आहे. त्याआधी सात-आठ महिन्यांपूर्वीच त्यांचं 'रिव्होल्यूशन' बाजारात आलं होतं. त्यातला इलेक्ट्रिक पियानोचा तुकडा निकी हॉपकिन्सनं वाजवला होता आणि त्या लेबलावर त्याचं नाव कुठेच नव्हतं. बँड तोच, वाद्य त्याच जातीचं, दोघंही बँडबाहेरचे वादक. फरक एवढाच की एकाचं नाव छापावं असं कुणाला तरी वाटलं आणि दुसऱ्याचं वाटलं नाही. स्टुडिओतल्या वादकाचं नाव असं कुणाच्या वाटण्यावर सोडून देणं मला मान्य नाही. ते छापलं जाणं हा त्याचा हक्क आहे. त्याच्या पैशाचा प्रश्नही खरं तर याच हक्कापाशी येऊन अडतो.

हा हक्क कशावर उभा आहे ते समजून घ्यायचं तर कीबोर्ड वाजवणारा स्टुडिओत नेमकं काय करतो ते पाहावं लागेल. गाणं त्याच्यापर्यंत येतं ते चाल, शब्द आणि कॉर्ड्सची एक ओळ एवढ्याच रूपात. कॉर्डचं नाव कागदावर असतं, पण ती कुठल्या सप्तकात धरायची, किती सुरांची करायची, ठेक्याच्या आधी टाकायची की किंचित मागे, गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेत बोलायचं की गप्प राहायचं, हे कागदावर नसतं. हॅमंड ऑर्गनच्या बाबतीत तर कागद आणखीच तोकडा पडतो. शिकागोत १९३५ मध्ये बाजारात आलेल्या या वाद्यात पट्टीच्या वर ओढता येणाऱ्या दांड्यांचे संच असतात. एका संचात नऊ दांड्या, आणि प्रत्येक दांडी किती बाहेर ओढली यावरून तिच्या वाट्याचा सूर आवाजात किती मिसळणार ते ठरतं. त्यात डाव्या हाताशी फिरत्या लेस्ली स्पीकरचा वेग बदलण्याची कळ आणि उजव्या पायाखाली आवाज चढवण्या-उतरवण्याचं पेडल. सूर तेच ठेवून दोन ऑर्गनवादक दोन अगदी वेगळे आवाज काढतात ते यामुळे, आणि हा आवाज कुणीही लिहून देत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत १६ जून १९६५ रोजी बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' मुद्रित होत होतं. एकवीस वर्षांचा अल कूपर तिथे खरं तर गिटार वाजवायच्या आशेनं आला होता. ऑर्गनवरचा पॉल ग्रिफिन पियानोकडे वळला तेव्हा रिकाम्या ऑर्गनवर कूपर जाऊन बसला. पुढची कॉर्ड कोणती येणार याची खात्री नसल्यामुळे तो बाकीच्यांचं ऐकून किंचित उशिरा पट्ट्या दाबत होता. डिलननं तो ऑर्गन मोठा करायला सांगितला. मागून येऊन गाण्याला उचलणारा तो सूर आज त्या गाण्याची ओळख आहे. तो डिलननं लिहिला नव्हता आणि निर्मात्यानं मागितलाही नव्हता. कूपरच्या कानातून आणि बोटांतून तो तिथल्या तिथे जन्मला.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असतो आणि तो कमी लेखण्यासारखा नाही. वादकाला ठरलेली बिदागी मिळाली. गाणं पडलं असतं तर त्यानं ती परत केली नसती, मग गाणं चाललं म्हणून त्यानं आणखी का मागावं? जोखीम निर्मात्याची, तर फायदाही त्याचाच. हा युक्तिवाद ऐकायला सरळ आहे, पण तो फक्त वादकालाच लावला जातो. गाणं पडलं म्हणून गायकही पैसे परत करत नाही, गीतकारही नाही. त्यांना मात्र तबकडीच्या विक्रीतून वाटा मिळावा हे आपण न्याय्य मानतो. जोखमीची भरपाई म्हणून निर्मात्याला सर्वांत मोठा हिस्सा आधीच मिळतो. आणि बिदागी असते ती त्या दिवशीच्या तीन-चार तासांची, मुद्रण मात्र पन्नास वर्षं कमावत राहतं. युरोपीय संघानं २०११ च्या निर्देशात हे चक्क कायद्यात मान्य केलं. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेताना त्यांनी अट घातली की एकरकमी पैसे घेऊन गेलेल्या वादकांसाठी निर्मात्यानं त्या वाढीव वर्षांतल्या उत्पन्नाचे वीस टक्के दरवर्षी बाजूला काढावेत. एकरकमी बिदागीनं हिशेब पुरता मिटत नाही, हेच त्यातून कबूल झालं. पण हे वीस टक्के वाटायचे कुणाला, हे कळायला त्या दिवशी कोण वाजवत होतं ते माहीत असावं लागतं. पैशाचा हक्क कायद्यानं दिला तरी तो नावाशिवाय वसूल होत नाही, असं मी म्हणतो ते म्हणून.

दुसरा आक्षेप कलेचा आहे आणि जाणकारही तो घेतात. चाल रचणारा तो रचनाकार, वादकानं फक्त सजावट केली. हा नसता तर दुसरा कुणी आला असता. पुष्कळ कामांच्या बाबतीत हे खरंही आहे. कॉर्ड धरून ठेवायची, गायकाला आधार द्यायचा आणि चुका न करता घरी जायचं, एवढंच ज्यात होतं अशी मुद्रणं हजारोंनी झाली. त्या प्रत्येकात वादकाला रचनाकाराचा वाटा द्यावा असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण सजावट कुठे संपते आणि रचना कुठे सुरू होते हे ठरवता येतं, आणि न्यायालयानं ते ठरवून दाखवलं आहे. प्रोकोल हेरम या इंग्रज बँडचं १९६७ चं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' लोक ओळखतात ते सुरुवातीच्या ऑर्गनवरून. तो वाजवणारा मॅथ्यू फिशर बँडचा सदस्य होता, भाड्यानं आणलेला वादक नव्हता, हे खरं. पण रचनाकार म्हणून त्याचं नाव नव्हतं आणि ऑर्गनच्या जागा त्याच्या होत्या. त्यानं २००५ मध्ये दावा लावला. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये गाण्याच्या संगीतात त्याचा चाळीस टक्के वाटा मान्य केला. अपील न्यायालयानं २००८ मध्ये फार उशीर झाला म्हणून पैशाचा हक्क नाकारला आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो परत दिला. न्यायाधीशांनी अर्धा वाटा दिला नाही, शून्यही दिला नाही, ऐकून-तोलून चाळीस टक्के दिला. अडतीस वर्षांचं थकलेलं मानधन मात्र गेलं ते गेलंच. दाव्याच्या तारखेपासून पुढचंच त्याला मिळालं. नाव वेळेवर न लागल्याची किंमत एवढी मोठी असते.

आपल्याकडे या आक्षेपाचं उत्तर दर लग्नसराईत रस्त्यावर ऐकू येतं. वरातीत बँडवाले 'नागिन'ची धून धरतात आणि माणसं रुमालाची पुंगी करून नाचू लागतात. १९५४ च्या त्या चित्रपटाचे संगीतकार हेमंतकुमार. ती बीन मात्र बीन नव्हतीच. कल्याणजी विरजी शहा यांनी क्लाव्हियोलिन या छोट्याशा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर ती उभी केली. हे आपल्याला माहीत आहे, कारण दोघंही पुढे स्वतः नामवंत संगीतकार झाले. जे वादक संगीतकार झाले नाहीत, आयुष्यभर वादकच राहिले, त्यांचं काय? 'गेट बॅक' आलं त्याच १९६९ सालात 'आराधना' आला. 'रूप तेरा मस्ताना'मध्ये शब्दांच्या अधेमधे श्वास घेणारा अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचा आहे. तो काढून ते गाणं मनात ऐकून पाहा. मुंबईच्या पारशी वादक घराण्यातला हा माणूस अकॉर्डियन, पियानो, ऑर्गन, ग्लॉकेनस्पील वाजवी आणि सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात रुजवणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. तबकडीच्या लेबलावर चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार अशी चार नावं मावत. पाचव्याला जागा नसे. स्वरलिपी लिहून देणाऱ्या, वाद्यवृंदाची अख्खी रचना बांधणाऱ्या गोव्याच्या संयोजकांनाही पडद्यावर बहुतेक वेळा 'सहायक' एवढंच म्हटलं गेलं. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये 'बिहाइंड द कर्टन' लिहिलं, लॉर्ड कुटुंबावर २०१२ मध्ये 'द ह्यूमन फॅक्टर' हा माहितीपट आला, म्हणून निदान काही नावं हाती लागली. पण तोवर अनेक वादक वारले होते.

वादकांची संख्याच इतकी असे की सगळ्यांची नावं छापणं अशक्य होतं, असं सांगितलं जातं. साठ-सत्तर जणांच्या वाद्यवृंदाच्या काळात लेबलावर ते खरंच मावलं नसतं. पण पडद्यावर मावलं असतं, तबकडीच्या वेष्टनावर मावलं असतं. आणि नावं माहीत नव्हती असं तर मुळीच नव्हतं, कारण प्रत्येकाला पैसे मोजून द्यावे लागत. अमेरिकेत वादकांच्या संघटनेचा नियम असा की प्रत्येक मुद्रणाचा करारनामा वादकांच्या नावांसह दाखल व्हायला हवा. साठच्या दशकातली लॉस एंजेलिसची गाणी नेमकी कुणी वाजवली हे संशोधकांना आज सांगता येतं ते त्या करारनाम्यांमुळेच. म्हणजे हिशेबाच्या कागदावर नाव होतं, श्रोत्यापुढे ते आलं नाही. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीनं एकामागून एक लोकप्रिय गाणी ज्या वादकांकडून वाजवून घेतली, त्या फंक ब्रदर्सची नावं तिच्या एखाद्या संग्रहावर पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर जवळजवळ दहा वर्षं एकाही अल्बमवर त्यांना जागा मिळाली नव्हती. आता तर जागेची अडचणही संपली आहे. चित्रपटाच्या शेवटी दृश्य-परिणामांवर काम केलेल्या शेकडो जणांची नावं आपण पाहतो, आणि त्यांची नावं येतात याचा मला आनंद आहे. त्याच यादीत कीबोर्ड वाजवणाऱ्याचं नाव येऊ नये याचं कुठलंही व्यावहारिक कारण उरलेलं नाही.

नाव मिळाल्यानं वादकाच्या आयुष्यात काय बदलतं, हे प्रेस्टनकडे पाहिलं की दिसतं. 'गेट बॅक'च्या वर्षीच ॲपलनं त्याचा स्वतःचा संग्रह काढला. 'आउटा-स्पेस'ला ग्रॅमी मिळालं, १९७३ आणि १९७४ मध्ये त्याची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, जो कॉकरनं गाजवलेल्या 'यू आर सो ब्यूटिफुल'चा तो सहरचनाकार ठरला. हे सगळं एका लेबलामुळे घडलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. तो गाणारा, गाणी रचणारा माणूस होता. पण 'गेट बॅक'नंतर तो कुठेही गेला तरी त्याची ओळख करून द्यावी लागली नाही. हॉपकिन्सची प्रकृती दौऱ्यांना साथ देत नसे, म्हणून स्टुडिओ हेच त्याचं जग होतं. रोलिंग स्टोन्स, द हू, किंक्स अशा कितीतरी जणांच्या मुद्रणांत तो आहे. १९९४ मध्ये पन्नासाव्या वर्षी तो गेला. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं त्याला आपल्यात घेतलं ते २०२५ मध्ये.

आपल्या कायद्यात ही बाब आज कशी बसवली आहे ते मला सर्वांत जास्त खटकतं. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपल्या सादरीकरणाशी आपलं नाव जोडलं जाण्याचा हक्क मिळाला, व्यापारी वापरातल्या मानधनाचाही मिळाला. पण त्याच दुरुस्तीत 'कलाकार' या शब्दाच्या व्याख्येला एक परंतुक जोडलं गेलं : चित्रपटात ज्याचं सादरीकरण किरकोळ किंवा आनुषंगिक आहे, आणि व्यवसायाच्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीसह कुठेच येत नाही, तो या कामापुरता कलाकार धरला जाणार नाही, आपलं काम विकृत केलं गेल्यास दाद मागण्यापुरताच हक्क त्याच्याकडे उरेल. दोन्ही अटी एकत्र लागू व्हाव्या लागतात हे मान्य. 'रूप तेरा मस्ताना'चा अकॉर्डियन किरकोळ आहे असं कुठलं न्यायालय म्हणेल असं मला वाटत नाही. पण दुसऱ्या अटीचा अर्थ काय होतो ते पाहा. ज्या व्यवसायानं वर्षानुवर्षं वादकाचं नाव गाळलं, त्याच व्यवसायाची गाळण्याची प्रथा इथे वादकाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते. पहिल्या अटीतला 'किरकोळ' हा शब्द गर्दीच्या दृश्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला वगळायला पुरेसा आहे. प्रथेचा उल्लेख करणारी दुसरी अट संसदेनं काढून टाकली पाहिजे, आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी स्टुडिओत वाजवणाऱ्या प्रत्येकाची नावनिशी नोंद करून ती मुद्रणाबरोबर प्रसिद्ध करणं निर्मात्यावर बंधनकारक केलं पाहिजे.